बाँडपटांवरील नाराजी मुद्देसूद कशी मांडावी

रंकाळ्याच्या कठड्यावर बसून, भेळेचा कागद हातात चुरगाळत, ‘आता जेम्स बाँड पूर्वीचा राहिला नाही’ असे आम्ही मित्र कितीदा तरी म्हटले आहे. पण एवढ्याने नाराजी पटत नाही. प्रथम ती कोणत्या चित्रपटापासून सुरू झाली हे ठरवावे आणि तो वही घेऊन पुन्हा पाहावा.

तुलनेसाठी २००६ चा ‘कॅसिनो रोयाल’ घ्यावा. जिन्यातल्या मारामारीनंतर भेदरलेली वेस्पर, म्हणजे बाँडची सहकारी आणि पुढे प्रेयसी, अंगावरच्या कपड्यांनिशी शॉवरखाली बसलेली असते आणि बाँड तसाच भिजत तिच्याशेजारी जाऊन बसतो. तेथे भावना कथेतून उगवते. २०१५ च्या ‘स्पेक्टर’ने मात्र खलनायकाला बाँडच्या बालपणाशी जोडून आधीची सारी दुःखे त्याच्याच खाती टाकली, आणि माझ्या मते मालिकेचा तोल तेथेच गेला.

२०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’मधील बाँडच्या मृत्यूविषयी लिहिताना धक्का आणि पटकथेतील दोष यांची गल्लत करू नये. जबाबदारीही योग्य ठिकाणी ठेवावी: मालिकेचे सर्जनशील नियंत्रण २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉन एमजीएम या चित्रपट कंपनीकडे गेले, त्यामुळे तोपर्यंतच्या निर्णयांचा जाब जुन्या निर्मात्यांनाच विचारावा.