तुमच्या धंद्याची गोष्ट गिऱ्हाइकाला कशी सांगाल?

‘दर्जा हीच आमची ओळख’, ‘ग्राहकांचे समाधान हाच आमचा ध्यास’ अशा पाट्या इतक्या झाल्यात की त्यांच्याकडे आता कुणी बघतही नाही. त्यापेक्षा पुण्याची ‘आमची कोठेही शाखा नाही’ बरी! लोक हसतात, पण दुकान एकच आहे आणि मालकाला ते एकच ठेवायचंय, एवढं तरी कळतं. तुमच्या गोष्टीतूनही असंच काहीतरी ठाम कळायला हवं.

१. आधी वही घ्या. धंदा का सुरू केला, भांडवल कुठून आलं, पहिलं गिऱ्हाईक कोण, कुठे अडलं, हे लिहून काढा. जुनी बिलबुकं चाळा, घरातल्या थोरांना विचारा. शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारा: बाजारात सगळे करतात, पण आपण करत नाही, असं काय आहे? बहुतेकांची गोष्ट या उत्तरातच सापडते.

२. विशेषणं काढा, तपशील ठेवा. लिज्जत पापडाची सुरुवात बघा. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात 7 बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि पहिल्या दिवशी 4 पाकिटं झाली. यात ‘जिद्द’ नाही, ‘प्रेरणादायी’ नाही. तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ती गच्ची उभी राहते.

आता समजा, तुम्ही कांदा-लसूण मसाला विकता. ‘अस्सल गावरान चव, शुद्धतेची हमी’ हे शेजारच्या पाकिटावरही आहे. त्याऐवजी असं लिहून बघा: ‘रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी, चवीला संकेश्वरी. मिरच्यांचे देठ आम्ही हातानं खुडतो. मसाला उन्हाळ्यातच डंकावर कुटून घेतो. दिवाळीपर्यंत संपला तर संपला, पावसाळी मिरचीचा करत नाही.’ शेवटचं वाक्य लिहायला हात धजत नाही, कारण त्यात तोटा दिसतो. पण पाकीट उचललं जातं ते त्याच वाक्यामुळे.

३. गिऱ्हाइकाची शंका गोष्टीत घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडानं जमीन नासते, असं शेतकऱ्यांना वाटायचं. नांगर कितीही मजबूत असला, तरी आधी ती भीती घालवणं भाग होतं. पुढे 1920 मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. कारखान्याचं हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ नावाचं मासिक होऊन मराठी घराघरांत वाचलं गेलं. नुसती मालाची जाहिरात छापली असती, तर ते कुणी जपून ठेवलं असतं का? तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही रोज दरपत्रक टाकू नका. मसाल्याला जाळी का धरते, बरणी कशी ठेवावी, हे सांगा. ‘तुमचा महाग का?’ हा प्रश्न तर टाळूच नका. देठ खुडायला किती माणसं बसतात, ते मोकळेपणानं सांगा.

४. जागेप्रमाणे लांबी बदला, गोष्ट बदलू नका. पाकिटावर दोन ओळी, काउंटरवर अर्धा मिनिट, व्हिडिओत देठ खुडणारे हात. काउंटरवरच्या पोराला गोष्ट येत नसेल, तर बाकीचा खर्च वाया गेला. त्याला ती पाठ करायला लावू नका. एक दिवस डंकावर घेऊन जा.

५. खोटं घुसडू नका. आजीनं कधी मसाला केलाच नसेल, तर ‘आजीची कृती’ म्हणू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गावाचं नाव वापरतानाही तेच. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे कर्नाटकच्या आंब्यावर ‘देवगड’ची चिठ्ठी चिकटवून बागेच्या गोष्टी सांगणं ही सरळ फसवणूक आहे. आंबा खाणाऱ्याला ती कळतेही.

६. छापण्याआधी पारखा. धंद्याशी संबंध नसलेल्या एखाद्या ओळखीच्याला गोष्ट सांगा आणि दोन दिवसांनी काय लक्षात राहिलं ते विचारा. जे राहिलं तेच पाकिटावर घ्या. फक्त भावच लक्षात राहिला असेल, तर वही पुन्हा उघडा.