नेटवर्क सिक्युरिटीच्या ट्रेनिंगला बसण्याआधी

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात आयटी सांभाळणारा माणूस बहुधा एकटाच असतो. पतसंस्था असो, साखर कारखाना असो की एमआयडीसीतलं वर्कशॉप, प्रिंटर अडकला तरी तोच आणि फायरवॉल बसवायचा तरी तोच. ट्रेनिंगचं ठरलं की हा गडी आधी टूल्स डाउनलोड करायला बसतो. ते नंतर. आधी कागद घ्या आणि आपल्या ऑफिसच्या नेटवर्कचा नकाशा काढा. इंटरनेटची लाइन कुठून येते, कोणत्या स्विचला काय लावलंय, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि टॅलीचा सर्व्हर एकाच नेटवर्कवर बसलेत का. (बसलेले असतातच.) रिमोट डेस्कटॉपसाठी (दुरून कॉम्प्युटर चालवण्यासाठी) ३३८९ पोर्ट बाहेरून उघडा आहे का, प्रत्येक विंडोजला शेवटचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) कधी मारला, हेही लिहा. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा त्यावरचा मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. नकाशा वर्गात न्या, पण त्यावर खरे आयपी आणि पासवर्ड नकोत.

सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे छोटे तुकडे पाडणं, हाताने जमलं पाहिजे. १९२.१६८.१०.०/२६ म्हणजे ६४ पत्ते, वापरायला ६२, पुढचं सबनेट .६४ पासून, एवढं न अडखळता आलं तर बाकीचं वर्गात येईल. वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं टूल) लावून सिन, सिन-ॲक, ॲक ही जोडणी सुरू करणारी तीन पाकिटं आपल्याच लॅपटॉपवर एकदा डोळ्यांनी बघा.

लॅपटॉपला १६ जीबी रॅम असावी आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन (लॅपटॉपच्या आत दुसरं मशीन चालवण्याची सोय) चालू असावं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ॲडमिनचे अधिकार आधीच घेऊन ठेवा. काली लिनक्स या सिक्युरिटी टूल्सनी भरलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल घरीच उतरवा आणि हॅश (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवून बघा. वर्गाच्या वायफायवर सगळ्यांनी एकदम डाउनलोड लावलं की दुपार तिथेच जाते. मेटास्प्लॉइटेबल हे सरावासाठी मुद्दाम भोकं ठेवलेलं मशीन आहे. त्याचं नेटवर्क होस्ट-ओन्लीच, म्हणजे आपल्या लॅपटॉपपुरतंच ठेवायचं. ब्रिज्ड, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कला जोडलेलं ठेवलंत तर ते अख्ख्या वर्गापुढे उघडं पडतं.

आयटी कायदा, २००० चं कलम ६६ वाचून जा. परवानगीशिवाय, वाईट हेतूने दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरलात तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑफिसचा सर्व्हर सरावासाठी स्कॅन करायचा असला तरी साहेबांची सही घ्या, तोंडी ‘कर की’ चालत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत तिला कळवायच्या असतात आणि लॉग (सिस्टिममधल्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. तुमचा फायरवॉल किती दिवसांचे लॉग ठेवतो? बघून ठेवा, ट्रेनरला पहिला प्रश्न हाच विचारा. डीव्हीआर, सर्व्हर आणि फायरवॉलची घड्याळंही जुळवा, नाहीतर लॉगची सांगड बसत नाही.

ट्रेनिंगची तारीख मार्चएंड आणि गळीत हंगाम टाळून घ्या. बॅकअप नुसता घेऊ नका, जाण्याआधी एक फाइल रिस्टोअर करून बघा. राउटरचा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवण्यापेक्षा पाकिटात सीलबंद करून मॅनेजरकडे द्या, आणि परत आल्यावर तो बदला.