उन्हाळी सदऱ्यात हवेला किती जागा आहे, ते टेपने मोजा

परभणी-नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा सदरा नुसता सुती असून भागत नाही. अंग आणि कापड यांच्यामध्ये हवा खेळली तरच घाम वाळतो आणि जिवाला गारवा वाटतो. ही जागा घरीच मोजता येते.

आधी काखेखालून छातीचा घेर घ्या. श्वास रोखू नका, टेप आवळू नका. मग सदऱ्याची बटणं लावून तो सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. या दोन मापांतला फरक म्हणजे टेलर ज्याला 'लूज' म्हणतात ते. छाती 36 आणि सदरा 42 असेल, तर लूज 6 इंच.

पण कापड अंगापासून 6 इंच लांब राहतं असं समजू नका. लूज हा घेरातला फरक आहे; अंगापासूनचं अंतर काढायला त्याला 6.28 ने, म्हणजे वर्तुळाच्या 'पाय'च्या (3.14) दुपटीने, भागायचं. उत्तर येतं जेमतेम एक इंच, तेही सरासरी. खांद्यावर कापड टेकलेलंच असतं, पाठीच्या खोलगट भागात जास्त सुटतं. प्रयोगशाळेत कपड्यांसह आणि कपड्यांशिवाय असं दोनदा थ्रीडी स्कॅन करून जागोजागचं अंतर काढतात.

अंगावरच तपासायचं असेल तर बगलेजवळ जादा कापड चिमटीत धरून टाचणी लावा. घडी एक इंच भरली, तर लूज दोन इंच. घडी दुहेरी असते, हे विसरू नका.

शेतात राबणाऱ्यासाठी मी 6 इंचांपेक्षा कमी लूज सुचवणार नाही. मात्र मळणी यंत्राजवळ सैल बाही नकोच.