ब्रिज बसवायचा ठरल्यावर

दात पडला की जीभ सारखी त्याच खिंडीत जाते, आणि ब्रिज बसवायचं ठरलं की डोक्यातही तेवढी खिंडच उरते. तयारी मात्र करायची असते ती तिच्या दोन्ही अंगांच्या दातांची. ब्रिजमधला मधला दात हिरडीत रुजलेला नसतो. शेजारच्या दोन दातांवर कॅप चढवतात आणि त्या दोघींच्या मध्ये तो अडकवलेला असतो. कॅप बसावी म्हणून ते शेजारचे दात सगळीकडून एक ते दोन मिलिमीटर तासतात, आणि तासलेला दात पुन्हा भरून येत नाही.

म्हणून सगळ्यात आधी या दोन दातांचा एक्स-रे पडद्यावर मोठा करून दाखवायला सांगा. मुळाभोवती हाड पुरेसं आहे का, जुन्या फिलिंगखाली कीड आहे का, मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसतोय का, दात हलतो का, हे सगळं तेव्हाच विचारून घ्यायचं. रूट कॅनल, म्हणजे दाताच्या आतली नस साफ करून भरणं, लागणार असेल तर ते ब्रिजच्या आधी उरकलेलं बरं. नंतर ठणका लागला तर नव्याकोऱ्या कॅपला भोक पाडून आत शिरावं लागतं. माझ्या बाबतीत एका बाजूच्या दाढेत अर्धी जागा फिलिंगनेच व्यापली होती, तिला कॅप हवीच होती. दुसरी दाढ ठणठणीत, ओरखडासुद्धा नाही. तिला हात लावायचा म्हणताना मी आठवडाभर घुटमळलो. तुमचे दोन्ही शेजारी असे धडधाकट असतील तर इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात, जमेल का, किंवा समोरचा एकच दात असेल तर मागून पातळ पंखांनी चिकटवायचा मेरीलँड ब्रिज चालेल का, हे नक्की विचारा. दोन्ही शेजाऱ्यांना तशाही कॅप लागणार असतील, तर मात्र ब्रिज हा सरळ हिशेब आहे.

दात नुकताच काढला असेल तर पक्क्या ब्रिजसाठी बहुतेक वेळा दोन-तीन महिने थांबायला सांगतात. या काळात तिथलं हाड आणि हिरडी आकसते. घाईने बसवलेल्या दाताखाली नंतर फट पडते आणि तिथे अन्न साचतं. पण ‘बघू पुढे’ म्हणत वर्षानुवर्षं टाळणंही महागात पडतं: शेजारचे दात खिंडीत कलतात, समोरच्या जबड्यातला दात हळूहळू त्या मोकळ्या जागेत उतरतो, आणि मग ब्रिजसाठी जागा करण्याचंच वेगळं काम होऊन बसतं.

दात घासताना रक्त येत असेल तर आधी दात साफ करून हिरड्या शांत होऊ द्या. रक्ताळलेल्या हिरडीशेजारी माप नीट येत नाही, आणि माप चुकलं तर कॅपची कड चुकली.

एका कागदावर चालू औषधं लिहून न्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, फक्त सांगा. मधुमेह, हृदयाचा आजार, गरोदरपण, भुलीच्या इंजेक्शनचा पूर्वी झालेला त्रास, हेही त्याच कागदावर. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: खोटे दागिने घातले की कानाची पाळी चिघळते का? बऱ्याचदा त्यामागे निकेल असतं, आणि सिरॅमिकच्या ब्रिजखाली वापरल्या जाणाऱ्या काही धातूंतही निकेल असतं. हे आधी कळलं तर डॉक्टर झिर्कोनिया (पांढरं, टणक सिरॅमिक) किंवा दुसरा धातू सुचवतील. धातूवर सिरॅमिक चढवलेला ब्रिज टिकाऊ असतो, पण हिरडी खाली सरकली की कडेला काळपट रेघ दिसू शकते. मागच्या दाढेला त्याचं काही नाही, हसताना दिसणाऱ्या दाताला आहे. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर तेही लपवू नका. रात्री घालायचा गार्ड ब्रिजइतकाच गरजेचा ठरेल.

दात पांढरे करून घ्यायची हौस असेल तर ती ब्रिजच्या आधी भागवा आणि रंग स्थिरावायला दोन-तीन आठवडे द्या. सिरॅमिक नंतर उजळत नाही. शेड, म्हणजे दाताची रंगछटा, ठरवायला लिपस्टिक न लावता जा आणि ते काम आल्या आल्या, तोंड ओलं असतानाच करून घ्या. बराच वेळ तोंड उघडं राहिलं की दात सुकतात आणि आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात. त्या पांढऱ्यावर जुळवलेला दात दुसऱ्या दिवशी उपरा वाटतो. शक्य असेल तर आरसा घेऊन खिडकीपाशी उभे राहा.

दात तासायच्या दिवशी खाऊन जा, नेहमीच्या गोळ्या वेळेवर घ्या. खालच्या जबड्याला भूल दिली तर ओठ-जीभ दोन-तीन तास जड राहते, कधी त्याहून जास्त. तोवर गरम काही नको आणि चावायचंही नको, गाल चावला तरी कळत नाही. त्या दुपारी कुणाशी महत्त्वाचं बोलणं ठेवू नका. मी ठेवलं होतं, आणि ‘र’ म्हणताना माझी जी गत झाली ती असो.

पक्का ब्रिज लॅबमधून येईपर्यंत एक-दोन आठवडे तात्पुरता ब्रिज असतो. तो मुद्दाम कच्च्या सिमेंटने बसवलेला असतो, म्हणून चिकट आणि टणक टाळा, दुसऱ्या बाजूने चावा. माझा चौथ्या दिवशी घासाबरोबर हातात आला. असं झालं तर तो छोट्या डबीत ठेवून लगेच दवाखान्यात कळवा. घरातला गोंद तर अजिबात लावू नका. ‘दोन दिवसांनी जायचंच आहे’ म्हणून तसंच राहू नका. तासलेले दात उघडे पडले की झिणझिणतात, शिवाय जरासे सरकले तरी पक्का ब्रिज बसायला कुरकुरतो.

बसवायच्या दिवशी भुलीशिवाय जमेल का विचारा, कारण चावा बरोबर आहे की नाही हे तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही. निळा कागद दातांत धरून कचकच चावायला लावतात, जिथे गडद ठिपका उमटतो तिथे घासतात. केसभर उंच लागत असेल तरी सांगा. संकोचाने ‘ठीक आहे’ म्हणालात तर आठवडाभरात जबडा दुखू लागतो. रंग, आकार, हसताना दिसणारी कड, सगळं पक्कं सिमेंट लावायच्या आधी आरशात बघा. एकदा चिकटला की काढताना बहुधा कापूनच काढावा लागतो.

आणि खुर्चीतून उठण्याआधी साफ करायला शिकून घ्या. नीट जपलेला ब्रिज दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहून जास्त चालतो. तो खराब होतो तेव्हा पुष्कळदा मधला दात शाबूत असतो आणि कॅपच्या कडेखाली शेजारच्या दाताला कीड लागलेली असते. मधल्या दाताखालून साधा फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) वरून घालता येत नाही. टोक कडक असलेला सुपरफ्लॉस सुईत दोरा ओवावा तसा बाजूने घालायचा, मधला फुगीर भाग मागेपुढे फिरवायचा आणि एका बाजूने ओढून काढायचा. डॉक्टरांनी करून दाखवलं तेव्हा दहा सेकंदांचं काम वाटलं. घरी पहिल्या रात्री मला वीस मिनिटं लागली, आरसा थुंकीने माखला, आणि दोरा भलत्याच फटीतून बाहेर आला.