नाशकात नवीन आलात? कॅमेरा जरा उशिरा काढा

सातपूरला नाहीतर अंबडला नोकरी लागली, सिडकोत भाड्याची खोली मिळाली, की पहिल्याच रविवारी माणूस गळ्यात कॅमेरा अडकवून रामकुंडावर हजर होतो. सोलापूरचा असो की रत्नागिरीचा, चाल हीच. फोटो मिळतात, ओळख एकही होत नाही. बाहेरून येऊन इथे रुळलेल्यांचा सल्ला उलटा आहे: आधी कान, मग चार वाक्यं, कॅमेरा त्यानंतर.

कानाची सोय घराशेजारीच आहे. सिडको-सातपूरकडे खान्देशी घरं पुष्कळ, आणि सटाणा, देवळा, कळवण, मालेगाव या पट्ट्यात अहिराणी बोलली जाते. मराठी माणसाला ती निम्मी समजते आणि तिथेच घात होतो. समजली म्हणजे आलीच असं वाटतं. चार खुणा धरून ठेवा. 'ला'च्या जागी 'ले': माले, तुले. 'चा-ची-चं'च्या जागी 'ना-नी-नं'. 'घरात' म्हणजे 'घरमा'. 'आहे'चं 'शे'. शिवाय 'ळ'चा 'य' होतो, म्हणून डोळा 'डोया' होतो. 'कथा जाई ऱ्हायना?' म्हणजे कुठे चाललास? उत्तर देताना पुरुष म्हणेल, 'मी बजारमा जाई ऱ्हायनू', बाई म्हणेल 'ऱ्हायनी'. वडीलधाऱ्यांना विचारताना मात्र 'ऱ्हायनात'. एकेरी वापरलंत तर कुणी बोलून दाखवणार नाही, पण ते लक्षात राहतं. गावागणिक थोडा फरक पडतोच, तेव्हा शेजारच्या मावशी म्हणतील तसंच म्हणा. विनोदी व्हिडिओतला हेल उचलू नका. तो लगेच ओळखू येतो आणि चेष्टा केल्यासारखा लागतो.

हीच अहिराणी पेठ-सुरगाण्याला नेऊ नका. तिथे कोकणा, वारली, महादेव कोळी वस्ती आहे आणि बोली वेगळ्या आहेत. 'राम राम' घालून साध्या मराठीत सुरुवात करावी. ताटात नागलीची भाकरी आली तर तिला नागलीच म्हणावं; 'रागी' हा शहरी पाकिटावरचा शब्द.

आता कॅमेरा. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे पंचवटीचा काठ पूर्वेला आणि जुनं गाव पश्चिमेला येतं. सकाळी पंचवटीच्या बाजूने उभं राहिलं की ऊन तुमच्या पाठीशी असतं आणि समोरच्या घाटावरचे चेहरे उजळलेले मिळतात. पलीकडून पंचवटीकडे रोखलात तर माणसांच्या नुसत्या काळ्या आकृत्या येतील. ते हवं असेल तर ठीक. पण याच घाटावर अस्थिविसर्जन आणि दहावं-तेरावंही चालतं. डोकं नुकतंच भादरलेलं, समोर पिंड मांडलेले दिसले की कॅमेरा खाली. इथे परवानगी विचारणंसुद्धा बरं दिसत नाही. २०२७च्या सिंहस्थाची तयारी करत असाल तर एवढं ध्यानात ठेवा: वैष्णव आखाडे रामकुंडावर नाहतात, शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तात. एका पर्वणीला दोन्हीकडे पोचण्याचा हट्ट धरलात तर हाती रस्त्यावरची गर्दीच लागेल.

खरी कसोटी बोहाड्याला. पश्चिमेकडच्या आदिवासी गावांत होळीनंतरच्या दिवसांत मुखवटे घातलेली देवांची सोंगं रात्री संबळाच्या तालावर नाचत निघतात. फ्लॅश अजिबात नको. मुखवट्याला तेलरंग असतो, तो चमकून फोटोत पांढरा डाग पडतो. आणि आतला माणूस बारीकशा भोकांतून बघत नाचत असतो, त्याला झगमगाटाने पुढचं दिसेनासं होतं. ३५ किंवा ५० मिमीची लेन्स, एफ १.८, शटर १/१२५ पेक्षा हळू नाही, आयएसओ ३२०० ते ६४००. थोडे दाणे येतील, येऊ द्या. फोकस काळोखात भटकतो, म्हणून तो मुकुटाच्या काठावर धरा, तिथे उजेड आणि सावली स्पष्ट वेगळी असते. मोबाइल असेल तर नाइट मोड बंद करा. तो एकापाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन जोडतो, आणि नाचता देव दोन तोंडांचा होतो. मुखवटा घरी ठेवलेला असेल तर हात लावू नका. 'जरा घालून दाखवा' असं तर चुकूनही म्हणू नका.

रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी उघडतात. वर्षभर मातीखाली झाकलेले हे रंगाचे हौद, त्यात माणसं उंचावरून धप्पा मारतात. काठावर कोरडी जागा नसतेच. चांगला कॅमेरा घरी ठेवा, साधा मोबाइल पाणबंद पिशवीत घाला, आणि निदान एक धप्पा स्वतः मारा. कोरड्या अंगाने फोटो काढत फिरणाऱ्याला तिथे फार वेळ कोरडं ठेवत नाहीत.

ओळख वाढते ती दुसऱ्या फेरीत. फोटो काढताना 'पाठवतो' म्हणालात तर पाठवाच, पण वाड्या-पाड्यांवर छापील प्रतीचं मोल वेगळं. चार बाय सहाचे प्रिंट काढा, फोटोत जितकी घरं तितक्या प्रती. एकालाच दिली की बाकीच्यांची कुरकुर तुमच्या मागे त्याच घराला ऐकावी लागते. चकचकीत कागद टाळा, मॅट घ्या. त्र्यंबक-सुरगाण्याच्या पावसात चकचकीत प्रिंट फ्रेमच्या काचेला चिकटतात आणि सोडवताना चेहराच निघून येतो. जून उजाडायच्या आत नेऊन द्या.