उजनीत होडीला मशीन बसवताय? या चुका टाळा

रत्नागिरीकडच्या नौका बघून आपल्याकडेही होडीला मशीन, म्हणजे मागे लावायचं इंजिन, बसवायची हौस वाढली आहे. चांगलंच आहे. पण उजनी म्हणजे धरण, समुद्र नव्हे, आणि खर्चाचा क्रम चुकला की कर्जाचे हप्ते तेवढे मागे राहतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळा पैसा मशीनवर आणि बर्फाला काहीच नाही. पहाटे जाळं काढायचं आणि मासळी होडीच्या तळाला उघडी टाकायची. सोलापूरच्या मे महिन्यात ती बघता बघता मऊ पडते, कल्ल्यांचा लाल रंग उतरतो आणि लिलावात भाव पडतो. मग व्यापाऱ्याशी भांडून काय उपयोग? उन्हाळ्यात किलोभर माशाला किलोभर बर्फ धरा. बर्फ बारीक फोडून एक थर बर्फाचा, एक थर माशाचा असं भरा. बर्फाच्या पेटीला खाली भोक हवंच, नाहीतर वितळलेल्या पाण्यात मासा भिजत राहतो. हातात थोडेच पैसे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: आधी पेटी, मग मशीन.

मशीनचा पंखा फिरेना? उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती आणि झाडांचे बुंधे वर येतात. पाण्याखाली गेलेलं पळसदेवचं देऊळ दिसू लागलं की वेग कमी करा. ठोकर बसून पंख्याची पिन तुटली, तर ती तुटण्यासाठीच असते. तिच्या जागी खिळा ठोकलात तर पुढच्या ठोकरीला गिअर जाईल. मशीनमधून थंडाव्याच्या पाण्याची धार येत नसेल तर लगेच बंद करा, बहुधा जलपर्णी अडकलेली असते.

वडाप लावू नका (जीपवालं वडाप नव्हे, बारीक आसाचं जाळं). बोटाएवढी पिल्लं आज काढलीत तर पुढच्या साली तंगूस (नायलॉनच्या) जाळ्यात काय येणार?

किनाऱ्यावरचा डिझेल परतावा, 1 जून ते 31 जुलैची बंदी हे सागरी मासेमारीचे नियम. इथे ते शोधत बसू नका. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतला 5 लाखांचा अपघात विमा मात्र आपल्यालाही आहे. त्यात नाव आहे का, ते मच्छीमार संस्थेत विचारून घ्या.

आणि लाइफ जॅकेट. 21 मे 2024 ला कुगाव-कळाशी दरम्यान वादळात प्रवासी बोट उलटून 6 जण गेले. जाळं ओढताना जॅकेट आडवं येतं म्हणून ते घरी खुंटीला राहतं. काखा मोकळ्या असलेलं आखूड जॅकेट घ्या, त्यात हात अडत नाहीत.