फाइव्ह ॲक्सिसचा पोस्ट लावताय? या चुका टाळा

कॅममध्ये, म्हणजे टूलचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सिम्युलेशन सुरळीत चालतं, टूल कुठेच घासत नाही. तोच प्रोग्रॅम मशीनवर लावला की टेबल भलत्याच बाजूला वळतं. यात नवल काही नाही. कॅममधलं सिम्युलेशन बहुतेक वेळा टूलपाथवरून चालतं, पोस्टमधून (टूलपाथचा मशीनसाठी कोड बनवणाऱ्या प्रोग्रॅममधून) बाहेर पडलेल्या कोडवरून नाही. त्यामुळे पोस्टची चूक तिथे दिसतच नाही.

हालचालीसाठी कॅम पोस्टला मुख्यतः दोनच गोष्टी देतो: टूलचं टोक कुठे आहे आणि टूल कोणत्या दिशेला कललं आहे. त्यावरून ए, बी, सी या फिरत्या अक्षांचे कोन काढायचे, आणि टेबल किंवा हेड फिरल्यामुळे एक्स, वाय, झेड किती सरकतील तेही काढायचं. हा दुसरा हिशोब पोस्ट करणार की कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक), हे आधी ठरवा. अर्ध्याअधिक भानगडी इथेच सुरू होतात.

हिशोब दोनदा होतो, किंवा एकदाही होत नाही

टूलचं टोक धरून चालायची सोय कंट्रोलमध्ये असेल, तर ती कोडमध्ये चालू करावी लागते, दर कंपनीच्या कंट्रोलवर वेगळ्या कोडने: फॅनुकवर जी४३.४, सिमेन्सवर ट्राओरी, हायडेनहाइनवर एम१२८. मग पोस्टने एक्स, वाय, झेड जॉबच्या झिरोपासूनचेच (कापायच्या तुकड्यावर ठरवलेल्या शून्य बिंदूपासूनचेच) द्यायचे, त्यात स्वतःची भर घालायची नाही. पोस्टनेही फिरण्याच्या केंद्राचं अंतर धरलं आणि कंट्रोलनेही धरलं, तर ए० सी० ला सगळं बरोबर येतं आणि टेबल कललं की जॉब बिघडतो. पोस्टने जी४३.४ ऐवजी नुसती टूलची लांबी धरणारा साधा जी४३ टाकला तर उलट होतं, कोणीच हिशोब करत नाही. दोन्ही वेळा लक्षण सारखंच दिसतं, म्हणून आधी कोडमधली ही ओळ तपासा आणि मगच झिरोला हात लावा.

ही सोय नसलेल्या मशीनवर पोस्टलाच सगळं करावं लागतं. तिथे कॅममधला झिरो आणि फिक्स्चरची (जॉब धरणाऱ्या पकडीची) प्रत्यक्ष जागा तंतोतंत जुळली पाहिजे, नाहीतर फिक्स्चर हललं की नवा कोड काढा. फिरणाऱ्या हेडच्या मशीनवर टूलची लांबी बदलली तरी तेच. शिवाय दोन बिंदूंमध्ये टूलचं टोक सरळ न जाता वाकडं जातं. केंद्रापासून १०० मिमीवर एका ब्लॉकमध्ये (कोडच्या एका ओळीत) ५ अंश फिरलात तर साधारण ०.०९५ मिमीचा फुगवटा येतो, १ अंशात तोच ०.००४ मिमीच्या आत राहतो. म्हणून पोस्टमधलं मधले बिंदू घालायचं सेटिंग बंद ठेवू नका.

केंद्राचे आकडे ड्रॉइंगवरून उचलणं

फिरण्याच्या केंद्राचे आकडे मशीनच्या कागदपत्रात असतात, पण तुमच्या मशीनचं केंद्र नेमकं तिथेच आहे असं समजू नका. केंद्र ०.०५ मिमीने चुकलं, तर ९० अंशाला फरक ०.०७ आणि १८० अंशाला पूर्ण ०.१ मिमी होतो. तपासणी सोपी आहे. स्पिंडलमध्ये गोळ्याचा टेस्ट बार लावा, डायल टेबलवर बसवा, टोकाची सोय चालू ठेवून आधी फक्त सी फिरवा, मग फक्त ए. सीला काटा स्थिर आणि एला हलतो, तर ए अक्षाच्या केंद्राचे आकडे बघा. पण यात कंट्रोलमधले आकडे तपासले जातात. पोस्ट स्वतः हिशोब करत असेल, तर हीच हालचाल पोस्टमधून काढून चालवायला हवी.

दिशा उलटी, आणि चाचणी फसवी

प्लसची दिशा टूल जॉबभोवती फिरतं असं धरून ठरते. टेबल फिरत असेल तर डोळ्यांना ती उलटी दिसते. इथे गोंधळ झाला की लोक अंदाजाने चिन्हं बदलत बसतात, आणि सी ९० ला चाचणी घेऊन खूश होतात. ए आणि सी दोन्हींची चिन्हं उलटी असली तरी सी ९० ला टूलची दिशा बरोबरच येते, कारण ए उणे करून सीमध्ये १८० मिळवले की तीच दिशा मिळते. चाचणी सी ३० सारख्या आडनिड्या कोनात घ्या.

प्रत्येक दिशेला अशी दोन उत्तरं असल्यामुळे मर्यादेचा प्रश्नही येतो. एची हालचाल समजा −३० ते +१२० आहे. पोस्टने सुरुवातीला उणे बाजू निवडली तर ऑपरेशन मध्येच मर्यादेला जाऊन अडकेल. उत्तर निवडताना पूर्ण ऑपरेशन बघायला पोस्टला सांगा.

टूल सी अक्षाला समांतर झालं की सीला ठरावीक उत्तरच राहत नाही. त्याच्या आसपास जराशा कलाने सी गरकन १८० अंश फिरतो आणि पृष्ठभागावर डाग उमटतो. फीड कमी करून हे जात नाही. कॅममध्ये टूलला थोडा कल द्या, किंवा जॉबच तिरका बांधा.

सी ३५९ वरून १ ला जाताना उलटा वेढा घेत असेल तर पोस्ट आणि कंट्रोलचं जमत नाहीये. फॅनुकवर पॅरामीटर १००८ पाहा.

फीड

जी९४ मध्ये एफ म्हणजे दर मिनिटाचा फीड, टूल सरकण्याचा वेग. त्यात नुसतं टेबल फिरत असेल तर एफ५०० म्हणजे मिनिटाला ५०० अंश. केंद्रापासून १०० मिमीवर ते सुमारे ८७३ मिमी होतं, १० मिमीवर जेमतेम ८७. म्हणून टोकाची सोय नसेल तिथे जी९३ वापरतात. त्यात एफ म्हणजे असे किती ब्लॉक एका मिनिटात बसतील, म्हणून फीडला अंतराने भागायचं: ५०० च्या फीडने १० मिमी कापायचे तर एफ५०. जी९३ मध्ये प्रत्येक कटिंग ब्लॉकला एफ लागतो, तेव्हा पोस्टने सारखा आकडा गाळू नये. ऑपरेशन संपताना जी९४ यायलाच हवा. जी९३ तसाच राहिला तर पुढच्या थ्री ॲक्सिस ऑपरेशनचा एफ५०० म्हणजे 'हा ब्लॉक ०.१२ सेकंदात संपव'. ही माझ्या मते सगळ्यात घातक चूक, कारण कोड वाचताना एफ५०० अगदी सोज्वळ दिसतो.

तिरक्या प्लेनचे कोन

तिरकं प्लेन ठरवणाऱ्या जी६८.२ मध्ये आय, जे, के म्हणजे मशीनचे ए, बी, सी नव्हेत. नेहमीच्या पद्धतीत ते झेड, मग नवा एक्स, मग नवा झेड या क्रमाने फिरवलेले कोन असतात. वायभोवती ४५ अंश हवे असतील तर आय९० जे४५ के−९० येतं. नुसता जे४५ टाकलात तर प्लेन एक्सभोवती कलेल. पुढचा जी५३.१ टेबल प्रत्यक्ष फिरवतो, त्याआधी झेड वर गेलेला असू द्या.

किरकोळ पण महागात पडणारं: काही फॅनुक सेटिंगमध्ये दशांश बिंदू नसलेला ए९० म्हणजे ०.०९० अंश. एका जागी कोन धरून कापताना फिरत्या अक्षांचे ब्रेक लावा, सलग फिरताना सोडा, आणि त्याचे एम कोड मशीनच्या मॅन्युअलमधूनच घ्या. टूल चेंजनंतर ए आणि सी पुन्हा लिहून यायला हवेत, नाहीतर ऑपरेटरने मधून प्रोग्रॅम सुरू केला की टेबल कुठे आहे हे कोडला ठाऊकच नसतं.

पोस्टमध्ये एका वेळी एकच बदल करा. एक ठरलेला नमुना प्रोग्रॅम ठेवा, दर बदलानंतर त्याचा कोड जुन्या कोडशी ओळीनिशी ताडून बघा. जिथे फरक अपेक्षित नव्हता तिथे तो दिसला, तर मशीनवर लावू नका. जुळला तर कोडवरूनच चालणाऱ्या सिम्युलेशनमध्ये टाका, नंतर झेड वर उचलून सिंगल ब्लॉकने हवेत चालवा.